ताप आहे, रिपोर्ट अर्धवट आहे: निदान होईपर्यंत घरी काय करावं

गणपती उठले की आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात तापाचे दिवस लागतात आणि दिवाळीपर्यंत पिच्छा सोडत नाहीत. मी रक्त तपासणारी डॉक्टर. नोकरीची सगळी वर्षं ग्वाल्हेरच्या लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकापाशी गेली. आता निवृत्त आहे, पण चिटणिसांच्या गोठीपासून मुरारपर्यंत ओळखीची माणसं अजूनही रिपोर्टचे फोटो पाठवतात. मजकूर बहुतेक असाच असतो: "ताई, विडाल पॉझिटिव्ह आलंय, डेंग्यूची पण हलकी लाइन आहे, प्लेटलेट एक लाख दहा. नक्की काय झालंय हिला?"

त्या संध्याकाळी या प्रश्नाचं खरं उत्तर अनेकदा कुणाकडेच नसतं. तिच्याकडे बघणाऱ्या डॉक्टरांकडेही नसतं. पण आज रात्री काय करायचं, याचं उत्तर बहुतेक वेळा असतं आणि ते निदान व्हायच्या आधीही नीट देता येतं. "काय झालंय" आणि "आता काय करू" हे दोन प्रश्न घरात एकमेकांत अडकतात, आणि पहिल्याचं उत्तर मिळेपर्यंत दुसरा तसाच पडून राहतो किंवा घाबरून भलतंच केलं जातं. हे दोन प्रश्न वेगळे कसे काढायचे, तेवढ्यासाठी हे लिहिते आहे.

एक मर्यादा आधीच सांगते. हे सगळं एरवी धडधाकट असलेल्या मोठ्या माणसांसाठी आणि शाळकरी मुलांसाठी आहे. तान्हं बाळ, गरोदर बाई, म्हातारी माणसं, मधुमेह किंवा किडनी-हृदयाचं दुखणं असलेला माणूस, यांच्या तापाला पहिल्याच दिवशी डॉक्टर हवा. बाकीच्यांनाही डॉक्टर हवाच आहे. मी सांगते आहे ते डॉक्टरांच्या दोन भेटींमधल्या वेळाबद्दल.

आधी दिवस मोजा

रिपोर्ट उघडण्याआधी मी विचारते: ताप कोणत्या वारी, दिवसाच्या कोणत्या वेळी सुरू झाला? "दोन-तीन दिवस झाले" हे उत्तर मी घेत नाही. मंगळवारी रात्री जेवताना अंग कसकसत होतं का, शाळेतून आल्याआल्या न जेवता झोपली होती का, असं खोदून विचारलं की वार सापडतो. तो पहिला दिवस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेवर १ लिहा आणि पुढचे आकडे रोज लिहीत जा.

एवढा आग्रह का, तर तीच तपासणी वेगळ्या दिवशी वेगळं बोलते. डेंग्यूचा एनएस-१ हा विषाणूचाच एक भाग असतो. तो साधारण पहिल्या पाच दिवसांत रक्तात सापडतो, मग विरत जातो. आयजीएम ही शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं. ती पाचव्या दिवसाच्या आसपास दिसायला लागतात आणि बरं झाल्यावरही दोन-तीन महिने रक्तात राहू शकतात. आयजीजी ही दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडं तर वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे दुसऱ्या दिवशी आयजीएम निगेटिव्ह आलं, तर त्यातून काहीच कळत नाही. सातव्या दिवशी एनएस-१ निगेटिव्ह आलं, तरी डेंग्यू नाही असं ठरत नाही. पूर्वी कधी डेंग्यू होऊन गेला असेल तर दुसऱ्या खेपेला एनएस-१ हुकण्याची शक्यता आणखी वाढते. आणि ती "हलकी लाइन" रॅपिड कार्डावरची असेल, तर ती फक्त संशय वाढवते. खात्रीसाठी एलायझा पद्धतीनं केलेली तपासणी लागते. सरकारी कार्यक्रमातही कार्डावरच्या पॉझिटिव्हला पक्कं निदान धरत नाहीत.

मलेरियाचं गणित याच्या उलट आहे. तिथे दिवस बघत बसायचं नाही. ताप आला की त्याच दिवशी रक्ताची स्लाइड किंवा कार्ड, शक्यतो दोन्ही. पण परजीवी कमी असतील तर एक स्लाइड हुकू शकते, म्हणून ताप चालूच राहिला तर पुढच्या दोन दिवसांत ती पुन्हा करायची. एकदा निगेटिव्ह आली म्हणून मलेरिया यादीतून खोडू नका.

टायफॉइडसाठी खरी तपासणी म्हणजे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं. पहिल्या आठवड्यात आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जायच्या आधी. त्याला काही दिवस लागतात, पैसे लागतात, आणि एवढं करूनही खऱ्या टायफॉइडच्या दहा रोग्यांपैकी चार-पाच जणांचं कल्चर निगेटिव्ह येऊ शकतं. तरीही ते करावं, कारण पॉझिटिव्ह आलं तर संशय संपतो आणि कोणतं औषध लागू पडेल तेही कळतं.

वही

एक साधी शाळेची वही घ्या आणि घरातल्या एकाच माणसाला तिची जबाबदारी द्या. वेळ, ताप, दिलेली गोळी, प्यायलेलं पाणी-ताक-ओआरएस, लघवी, उलटी, आणि एका ओळीत "कशी दिसते". एवढे रकाने पुरे.

ताप गोळीच्या आधी मोजायचा, हे मात्र पक्कं पाळा. पॅरासिटामॉल दिल्यानंतर तासाभरानं मोजून "उतरला बरं का" असं पुण्याच्या आत्याला कळवलं जातं. तो उतार गोळीचा असतो, आजाराचा नसतो. गोळीनं झाकलेला आकडा आणि उघडा आकडा एकाच रकान्यात मिसळले की ताप चढतोय की ओसरतोय, हे कुणालाच सांगता येत नाही. थर्मामीटर एकच ठेवा, जागा एकच ठेवा: काखेत तर रोज काखेत.

लघवीचा रकाना बायका लाजून आणि पुरुष कंटाळून सोडतात. माझ्या मते तो सगळ्यांत मोलाचा आहे. शरीरात पाणी पुरतंय की नाही हे लॅबपेक्षा आधी तो सांगतो. चार-सहा तासांत एकदाही लघवी झाली नाही, किंवा झाली ती थोडी आणि गडद, तर रिपोर्ट काहीही असो, आज काहीतरी करायला हवं.

विडालचा कागद

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण आपल्या गावात सर्वांत जास्त गोंधळ या एका कागदानं होतो.

फ्रान्समध्ये विडाल यांनी १८९६ मध्ये ही तपासणी मांडली. ती टायफॉइडच्या जंतूला शोधत नाही. त्या जंतूविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रतिपिंडं किती आहेत, ते बघते. जिथे टायफॉइड वर्षानुवर्षं चालू आहे, तिथे धट्ट्याकट्ट्या माणसांच्या रक्तातही ती थोडीफार सापडतात. पूर्वी होऊन गेलेला टायफॉइड, घेतलेली लस, त्याच कुळातले दुसरे जंतू, इतकंच काय तर मलेरियासारखा वेगळाच ताप, यांतलं काहीही तो आकडा वर नेऊ शकतं. शिवाय खऱ्या टायफॉइडमध्ये पहिल्या आठवड्यात प्रतिपिंडं पुरेशी तयारच झालेली नसतात. म्हणजे ज्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपण धावत जाऊन विडाल करतो, त्या दिवशी ती आजारी माणसाला निगेटिव्ह आणि दुसऱ्याच तापाच्या माणसाला पॉझिटिव्ह दाखवू शकते. तिचा खरा उपयोग आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा करून आकडा चौपट वाढला का, हे बघण्यात आहे. तेवढं थांबायला घरात कुणी तयार नसतं, हे मला ठाऊक आहे.

आता एक हिशेब करू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तापाच्या मोसमात १,००० माणसं ताप घेऊन आली, त्यातल्या ५० जणांना खरोखर टायफॉइड आहे. तपासणी अशी धरा की खऱ्या रोग्यांतल्या १०० पैकी ७० पकडते आणि टायफॉइड नसलेल्या १०० पैकी २० जणांना उगीच पॉझिटिव्ह म्हणते. ५० पैकी ३५ खरे सापडले. उरलेल्या ९५० पैकी १९० उगीच पॉझिटिव्ह. पॉझिटिव्हचा कागद हातात असलेले एकूण २२५, त्यात खरे ३५. म्हणजे सहा पॉझिटिव्ह कागदांतला जेमतेम एक खरा.

हीच तपासणी, हीच लॅब, पण घर दुसरं. पिण्याच्या पाण्याच्या पाइपात गटार मिसळलं आहे, गल्लीत तीन जणांचं कल्चर टायफॉइडचं आलं आहे, मुलगा बाहेरून आल्यापासून आठवडाभर ताप रोज थोडा थोडा चढतो आहे. अशा १,००० जणांत ५०० जणांना टायफॉइड आहे असं धरा. खरे पॉझिटिव्ह ३५०, खोटे १००. आता साडेचारशे कागदांतले साडेतीनशे खरे. कागदावरचा प्रतिपिंडांचा आकडा, समजा १:१६०, दोन्ही घरांत अगदी सारखा आहे, आणि त्याचा अर्थ दोन्ही घरांत वेगळा आहे.

म्हणून रिपोर्ट यायच्या आधी स्वतःला विचारून ठेवा: हा कागद नसता, तर मला टायफॉइड किती संभवनीय वाटला असता? बाहेरचं पाणी, घरातला दुसरा रोगी, तापाची चाल, पोटाची तक्रार, एवढ्यावरून. कागदानं तो अंदाज थोडा वर किंवा खाली सरकवायचा असतो. कागद बघूनच पहिला अंदाज बांधला, की मग तो पुसणं फार कठीण जातं.

आणि "फुल फीवर प्रोफाइल" नावाचं पॅकेज घेण्याआधी दोन मिनिटं थांबा. एकमेकींशी संबंध नसलेल्या सहा तपासण्या केल्या आणि प्रत्येक तपासणी निरोगी माणसाला दहात एकदा उगीच पॉझिटिव्ह म्हणत असेल, तर सहांतली निदान एक खोटी निघण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. जास्त तपासण्या म्हणजे जास्त खात्री असं लोकांना वाटतं. हातात येतात ते मात्र बहुधा एकमेकांशी भांडणारे कागद. तपासणी करायची की नाही, हे मी असं ठरवते: पॉझिटिव्ह आली तर मी काय करीन, निगेटिव्ह आली तर काय करीन? दोन्हीकडे एकच उत्तर येत असेल, तर त्या सुईची आज गरज नाही. हा प्रश्न डॉक्टरांनाही विचारा. चांगला डॉक्टर रागवत नाही.

कोणती चूक महाग पडेल

निदान ठाऊक नसताना मी चार शक्यता मांडते आणि प्रत्येकीपुढे लिहिते की ही हुकली तर काय होईल आणि उगीच धरली तर काय होईल.

फाल्सिपेरम हा मलेरियाचा सगळ्यांत घातक प्रकार हुकला तर एक-दोन दिवसांत माणूस बेशुद्ध होऊ शकतो. तपासणी स्वस्त, उत्तर तासाभरात, औषध हमखास. म्हणून ती ताबडतोब, आणि गरज पडली तर पुन्हा.

डेंग्यू हुकला तर महाग पडतं. पण डेंग्यू आहे असं धरून चालायला जवळजवळ काहीच खर्च नाही. त्या विषाणूवर खास औषध नाहीच. करायचं ते एवढंच की तोंडानं भरपूर पातळ पदार्थ, विश्रांती, तापाला फक्त पॅरासिटामॉल, आणि धोक्याच्या खुणांवर नजर. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांना हात लावायचा नाही, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. हे सगळं नुसत्या साध्या विषाणू तापातही चालतं. म्हणून भाद्रपद ते कार्तिक या काळात आपल्या गावातला प्रत्येक ताप, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत, घरच्या वागण्यापुरता डेंग्यूच धरा. अंगदुखीसाठी कोपऱ्यावरच्या दुकानातून लाल-पिवळी गोळी आणण्याची सवय याच महिन्यांत घात करते. हृदयासाठी कुणी रोजची ॲस्पिरिन घेत असेल, तर ती आपल्या मनानं बंदही करू नका. डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा.

टायफॉइडला अँटिबायोटिक लागतंच. पण त्यात आतड्याला इजा होण्याचं संकट बहुधा उपचार न झालेल्या तिसऱ्या आठवड्यातलं असतं. माणूस पाणी पितो आहे, बोलतो आहे, तर कल्चरच्या बाटल्या भरून घेण्याइतका वेळ नक्की आहे. उलट पहिल्याच दिवशी अर्धवट अँटिबायोटिक दिलं, तर कल्चर वाया जातं आणि पुढच्या सगळ्या निर्णयांखालची जमीन जाते. शिवाय पूर्वी हमखास चालणारं सिप्रोफ्लॉक्सासिन आता आपल्या देशातल्या टायफॉइडवर बऱ्याचदा चालत नाही. घरात उरलेली गोळी देऊन बघणं म्हणूनच आणखी निरर्थक आहे.

चौथी शक्यता लोक विसरतात: स्क्रब टायफस. पावसाळ्यानंतर गवता-झुडपांतल्या बारीक किड्याच्या अळीनं चावून येतो. पाच दिवसांवर ताप, डोकं ठणकतंय, बाकी सगळं निगेटिव्ह, आणि माणूस शेतावर किंवा रानात जाऊन आला आहे, तर काखा, जांघा, कमरपट्ट्याची जागा, छातीखालची घडी नीट बघा. काळी, न दुखणारी खपली दिसली तर तिचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. या आजारासाठी डॉक्सिसायक्लीन हे जुनं, स्वस्त औषध आहे, पण ते उशिरा सुरू झालं तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं अडचणीत येतात. खपली सगळ्यांना येत नाही, म्हणून ती दिसली नाही तरी रानात गेल्याचं डॉक्टरांना सांगायचंच.

हे असं मांडलं की चारही शक्यतांना चालणाऱ्या गोष्टी आपोआप वेगळ्या निघतात: पाणी, पॅरासिटामॉल, वही, मलेरियाची स्लाइड, गोळीआधी कल्चर. त्या आजच करायच्या. ज्या गोष्टी एकाच शक्यतेत बऱ्या आणि दुसरीत वाईट आहेत, त्यांना थोडा जास्त पुरावा मागायचा.

प्लेटलेटचा आकडा

निरोगी माणसात दीड ते साडेचार लाख. बऱ्याच तापांत तो थोडा खाली येतो. डेंग्यूत जास्त, पण मलेरियात आणि टायफॉइडमध्येही. त्यामुळे "प्लेटलेट कमी, म्हणजे डेंग्यू" हा निष्कर्ष कच्चा आहे.

दुसरं, हा आकडा दिसतो तितका नेमका नसतो. एकाच नळीतलं रक्त यंत्रात दोनदा घातलं तरी आकडा थोडा हलतो. सकाळी १,१०,००० आणि संध्याकाळी ९८,००० यांत घसरण झाली असं छातीठोकपणे मी कधी सांगितलं नाही. पण घरात "लाखाच्या खाली गेले" म्हणून रात्री दहाला गाडी निघते. काही जणांच्या रक्तातल्या प्लेटलेट नळीतल्या ईडीटीए या रसायनामुळे एकमेकींना चिकटून गठ्ठे करतात. यंत्र गठ्ठ्याला एक मोजतं आणि आकडा खोटाच खाली येतो. फारच कमी आकडा आला आणि माणूस मात्र ठीक दिसतो आहे, तर लॅबला सांगा: स्लाइड डोळ्यांनी बघून कळवा. ते आमचं कामच आहे. आणि लॅब बदलू नका. तीन लॅबचे तीन आकडे एका ओळीत लिहून त्यातून चढ-उतार काढता येत नाही.

प्लेटलेटच्या शेजारी हिमॅटोक्रिट नावाचा आकडा असतो, म्हणजे रक्तात लाल पेशींचा हिस्सा किती टक्के, त्याच्याकडे घरचं कुणी बघत नाही. डेंग्यूत जीव धोक्यात येतो तो मुख्यतः रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपल्यामुळे, आणि ते झिरपायला लागलं की रक्त दाट होऊन हा आकडा वर जातो. आधी ४० होता आणि आता ४८ झाला, म्हणजे पाचव्या हिश्शानं चढला, तर प्लेटलेट ८० हजार असोत की ३० हजार, हॉस्पिटलमध्ये जायचं. याउलट रक्तस्राव नसेल, तर साधारण १०,००० च्या खाली जाईपर्यंत प्लेटलेट चढवायची गरज नसते. गावात बाड्यापासून कंपूपर्यंत दाते शोधत फिरणाऱ्या नातेवाइकांना मी पाहिलं आहे. त्यांची तळमळ खरी असते. म्हणूनच सांगते, आधी डॉक्टरांना विचारा: रक्त दाट होतंय का, लघवी होतेय का, रक्तदाब कसा आहे?

बरं कशानं वाटलं?

पपईच्या पानांचा रस, बकरीचं दूध, किवी, आणि चौथ्या दिवशी बदललेलं अँटिबायोटिक. सहाव्या-सातव्या दिवशी प्लेटलेट वर येतात आणि श्रेय यांतल्या कुणाला तरी मिळतं. पण डेंग्यूत बहुतेकांच्या प्लेटलेट त्याच सुमाराला आपल्या आपण चढतात. लोक उपाय सुरू करतात तेव्हा आकडा तळाला आलेला असतो, आणि तळानंतर वरच यायचं असतं. रस न पिताही आकडा चढलाच असता का, हे एका माणसाच्या एका आजारावरून सांगता येत नाही. त्या कडू रसानं उलट्या होऊन पोटातलं पाणी बाहेर पडत असेल, तर मात्र नुकसान आजच दिसतं. ते पाहून निर्णय घ्या.

अँटिबायोटिकचंही तेच. साधा विषाणू ताप पाच-सहा दिवसांत जातोच. तिसऱ्या दिवशी गोळी सुरू केली की पाचव्या दिवशी ती "लागू पडली". उलट खऱ्या टायफॉइडमध्ये योग्य औषध सुरू झाल्यावरही ताप उतरायला चार-सहा दिवस लागतात, आणि घरचे दुसऱ्याच दिवशी "औषध चालत नाही" म्हणून डॉक्टर बदलतात. म्हणून कुठलंही औषध सुरू होताना डॉक्टरांना विचारून वहीत लिहून ठेवा: याचा परिणाम कोणत्या दिवसापर्यंत दिसायला हवा, आणि दिसला नाही तर पुढे काय? एका दिवशी एकच बदल करा. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर पुढच्या वळणावर कोणती ठेवायची आणि कोणती सोडायची, हे कळायला काही मार्ग राहत नाही.

डेंग्यूचा सगळ्यांत फसवा भाग इथेच आहे. ताप उतरतो, घरात खिचडी टाकली जाते, आणि नेमके तेच चोवीस ते अठ्ठेचाळीस तास धोक्याचे असतात. आजाराचा तिसरा ते सातवा दिवस, त्यातही ताप ओसरल्याची वेळ. तेव्हा वही बंद करू नका.

अट आधी लिहून ठेवा

मध्यरात्री, थकलेल्या डोळ्यांनी, सासऱ्यांचं एक मत आणि मुलाचं दुसरं असताना निर्णय चांगला होत नाही. म्हणून दुपारी, सगळे शांत असताना, एका कागदावर लिहून फ्रिजला लावा: यांतलं एक जरी झालं, तर कुणाला न विचारता निघायचं. पोटात जोराचं किंवा सतत दुखणं. उलट्या थांबत नाहीत, पाणी टिकत नाही. हिरड्या, नाक, शौच किंवा लघवीतून रक्त, पाळी नेहमीपेक्षा फार जास्त. हातपाय गार, घाम, उठताना चक्कर. माणूस गुंगीत किंवा विनाकारण अस्वस्थ. धाप लागणं. सहा तास लघवी नाही. मान ताठ, झटका, बरळणं. शेवटी डॉक्टरांचा आणि रिक्षावाल्याचा नंबर, आणि कुठल्या हॉस्पिटलमध्ये जायचं त्याचं नाव.

खाली दुसरी ओळ लिहा: यांतलं काहीच नसेल, तर रात्री बाहेर पडायचं नाही, तपासणी सकाळी. ही ओळही तितकीच कामाची आहे. घाबरून केलेली रात्रीची धावपळ आजारी माणसाची झोप मोडते आणि घरच्यांची ताकद आधीच संपवते. ती सहाव्या दिवसासाठी राखून ठेवायची आहे.

गल्लीत काय करायचं

डासामुळे की पाण्यामुळे, यावर गल्लीत वाद होतो. दोन्ही उपाय स्वस्त आहेत, म्हणून वाद मिटायची वाट न बघता दोन्ही करा. पिण्याचं पाणी उकळा. कूलर रिकामा करा.

कूलरबद्दल ग्वाल्हेरच्या लोकांना खास सांगायला हवं. मे-जूनच्या पंचेचाळीस अंशांच्या झळांत तो घरोघरी चालतो आणि पाऊस आला की तसाच खिडकीत राहतो, तळाशी चार बोटं पाणी घेऊन. डेंग्यूचा एडीस डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यापाशी अंडी घालतो, ती भांड्याच्या भिंतीवर पाण्याच्या रेघेजवळ चिकटवतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी ओतायची. पण नुसती ओतून भागत नाही. ती अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जगतात आणि पुढच्या वर्षी पाणी भरलं की फुटतात. ब्रशनं भिंती घासा, गवताच्या जाळ्या काढून उन्हात टाका किंवा फेकून द्या. हा डास दिवसा चावतो, तेव्हा तापाच्या माणसाला दुपारीही मच्छरदाणीत ठेवा. त्याला चावलेला डास शेजारच्याला आजार नेतो.

बरं झाल्यावर

वही, सगळे रिपोर्ट आणि डॉक्टरांचे पर्चे एका पिशवीत ठेवा. त्यावर तापाचा पहिला दिवस, कोणत्या दिवशी काय तपासलं, आणि शेवटी डॉक्टरांनी काय ठरवलं, हे लिहा. "टायफॉइड सिद्ध" आणि "टायफॉइडचा संशय, कल्चर केलं नाही" यांत फरक करून लिहा. दोन महिन्यांनी त्याच मुलीला पुन्हा ताप आला आणि आयजीएम पॉझिटिव्ह आलं, तर तो मागच्या डेंग्यूचा उरलेला ठसाही असू शकतो; विडालचा वर राहिलेला आकडाही तसाच. नव्या डॉक्टरांना हे आपोआप कळणार नाही. पिशवी पहिल्याच भेटीत त्यांच्या टेबलावर ठेवा आणि नव्या तापाचा पहिला दिवस सांगून बोलायला सुरुवात करा.